कापलेल्या प्लॅनेरियाला डोके कुठे आणि शेपूट कुठे हे कसे कळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चपट्या कृमींच्या पुनर्जननाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची विचारणा मूळपेशींबद्दल असते. त्या महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते या प्राण्याचे खरे नवल पेशी एकमेकींना जे निरोप देतात त्यात आहे, म्हणून उत्तरांचा भर तिथे आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे नेमके कोणते कृमी? सगळेच चपटे कृमी तुटल्यावर पुन्हा वाढतात का?

सगळे नाही. इथे चर्चा आहे ती मुख्यतः प्लॅनेरियांची. हे परजीवी नसलेले, काही मिलिमीटर ते दोनेक सेंटिमीटर लांबीचे कृमी. त्यांतले बरेचसे गोड्या पाण्यात दगडांच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला सापडतात. प्रयोगशाळांत श्मिडटिया मेडिटेरेनिया आणि डुगेसिया जापोनिका या दोन जातींवर सर्वाधिक काम झाले आहे. त्यांना हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, फुप्फुसे नाहीत. मेंदू, डोळे, स्नायू, फाटे फुटलेले आतडे आणि उत्सर्जनसंस्था मात्र आहे. तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या बाजूला, शरीराच्या मध्यावर असते. तिथून नळीसारखी ग्रसनी बाहेर काढून ते अन्न शोषतात. इतर चपट्या कृमींबद्दल प्रश्न १५ पाहा.

२. कापल्यानंतर दिवसागणिक काय घडते?

शेपटीचा तुकडा घेऊ, कारण त्याला सर्वांत जास्त काम असते: डोके, मेंदू, डोळे आणि ग्रसनी, सगळेच नव्याने. कापल्याबरोबर स्नायू आकसतात आणि जखमेचे तोंड आवळले जाते. अर्ध्या-पाऊण तासात वरून पातळ त्वचा ओढली जाते. पहिल्या काही तासांत जखमेजवळची जनुके जागी होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कापलेल्या कडेला पांढुरका, अर्धपारदर्शक फुगवटा दिसू लागतो. याला ब्लास्टेमा म्हणतात. तो पांढरा दिसतो कारण त्यात अजून रंगद्रव्य नसते, त्यामुळे जुने शरीर आणि नवे शरीर यांची सीमारेषा साध्या भिंगाखालीही स्पष्ट कळते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या पांढऱ्या भागात दोन बारीक काळे ठिपके उमटतात. ते डोळे. त्याच सुमारास जुन्या भागाच्या पोटात नवी ग्रसनी आकार घेते. ती तयार होईपर्यंत तुकडा खाऊ शकत नाही आणि स्वतःच्याच ऊती जाळून गुजराण करतो. साधारण दोन आठवड्यांत मूळच्यापेक्षा लहान, पण प्रमाणबद्ध असा पूर्ण कृमी तयार असतो.

३. पेशी-संदेश म्हणजे काय?

एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राही असतो. प्रथिन तिथे बसले की त्या पेशीच्या आत प्रथिनांची एक साखळी हलते आणि शेवटी काही जनुके चालू होतात, काही बंद. संदेश शब्दांसारखा नसतो, त्याला स्वतःचा अर्थ नसतो. तेच प्रथिन एका जागी 'वाढ' आणि दुसऱ्या जागी 'थांब' असा परिणाम करू शकते, कारण अर्थ ऐकणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर ठरतो. त्याचे प्रमाणही महत्त्वाचे असते. प्लॅनेरियात विंट, बीएमपी, हेजहॉग, ॲक्टिव्हिन ही संदेशकुटुंबे काम करतात आणि हीच कुटुंबे आपल्याही शरीरात आहेत.

४. नवीन पेशी येतात कुठून?

निओब्लास्ट नावाच्या मूळपेशींतून. प्रौढ प्लॅनेरियाच्या शरीरपेशींत विभाजन करू शकणाऱ्या फक्त याच. एकूण पेशींपैकी अंदाजे २० ते ३० टक्के पेशी निओब्लास्ट असतात. कृमीला तीव्र क्ष-किरण किंवा गॅमा किरण दिले की त्या नष्ट होतात, पुनर्जनन थांबते आणि जुन्या पेशींची जागा घ्यायला कोणी नसल्याने काही आठवड्यांत कृमी मरतो. २०११ मध्ये पीटर रेडियन यांच्या प्रयोगशाळेने अशा किरण दिलेल्या कृमीत दुसऱ्या कृमीचा एकच निओब्लास्ट सोडला. त्या एका पेशीच्या वंशजांनी काही कृमींत सगळे शरीर पुन्हा भरून काढले.

तरीही निओब्लास्ट एकट्याने काहीच ठरवत नाही. डोक्याजवळचा निओब्लास्ट डोळा करतो आणि शेपटीजवळचा करत नाही, हा फरक बाहेरून येणाऱ्या संदेशांचा आहे. पुढची दोन-तीन उत्तरे त्याबद्दल आहेत.

५. कोणता संदेश काय करतो हे शास्त्रज्ञांना कळते कसे?

एकेक जनुक बंद पाडून आणि मग कृमी कापून. १९९९ मध्ये अलेहांद्रो सांचेझ अल्वाराडो आणि फिलिप न्यूमार्क यांनी दाखवले की दुहेरी धाग्याचा आरएनए दिला की प्लॅनेरियातले त्याच्याशी जुळणारे जनुक निष्क्रिय होते. पुढे ही पद्धत फारच सोपी झाली: तो आरएनए बनवणारे जिवाणू वाटलेल्या यकृतात कालवायचे आणि कृमींना खाऊ घालायचे. खाऊ घातल्यावर परिणाम सर्व शरीरभर पोचतो. या लेखात 'अमुक जनुक बंद केले तर' असे जिथे म्हटले आहे, तिथे बहुतेक वेळा याच पद्धतीने मिळालेली माहिती आहे.

६. एकाच कापाच्या एका बाजूला डोके येते, दुसऱ्या बाजूला शेपूट. कापाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी तर एकमेकींच्या शेजारणी होत्या!

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत चांगलाही. कृमी मधोमध आडवा कापला, तर क्षणापूर्वी एकमेकींना चिकटून असलेल्या पेशींपैकी मागच्या तुकड्यातल्या पेशी डोके करतात आणि पुढच्या तुकड्यातल्या शेपूट. म्हणजे पेशी कुठल्या भागातली आहे एवढ्याने हा निर्णय होत नाही. जखमेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे समजणे भाग आहे.

याचे मध्यवर्ती उत्तर विंट संदेशात आहे. साबूत कृमीत विंट कुटुंबातली प्रथिने शेपटीकडे जास्त आणि डोक्याकडे कमी असतात. डोक्याच्या टोकाला उलट विंटला अडवणारी प्रथिने असतात. पेशीच्या आत विंटचा निरोप पुढे नेणारे प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन. २००८ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी बीटा-कॅटेनिनचे जनुक बंद केले आणि निकाल चकित करणारा होता: शेपटीच्या जागी डोके आले. न कापलेल्या कृमींनाही हळूहळू शेपटीकडे आणि कडेकडेने डोकी फुटली. त्याच्या उलट, बीटा-कॅटेनिनला आवर घालणारे एपीसी हे जनुक बंद केले की डोक्याच्या जागी शेपूट येते. थोडक्यात, विंट जास्त तर शेपूट, विंट कमी तर डोके.

पण जखम झाल्यावर विंट-१ हे जनुक दोन्ही दिशांच्या जखमांत चालू होते! मग फरक कुठे पडतो? तो नोटम नावाच्या जनुकात पडतो. नोटम हे विंट प्रथिनावरचा मेदाम्लाचा तुकडा काढून टाकणारे विकर आहे. तो तुकडा गेला की विंट निकामी. आणि नोटम मुख्यतः पुढे तोंड असलेल्या जखमेतच चालू होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात नोटम बंद केल्यावर डोक्याच्या जागी शेपूट आली. म्हणजे निर्णय पहिल्या काही तासांत होतो, ब्लास्टेमा डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी. हेजहॉग संदेशही यात हात घालतो. तो वाढवला की विंट वाढते आणि दोन्हीकडे शेपट्या येतात.

७. हे संदेश सोडतात कोण? निओब्लास्टच का?

नाही, आणि या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. संदेश सोडतात ते स्नायू.

२०१३ मध्ये लक्षात आले की शरीरातली जागा सांगणारी जनुके, म्हणजे विंट, नोटम, बीएमपी आणि त्यांची भावंडे, प्रामुख्याने त्वचेखालच्या स्नायूपेशींत चालू असतात. डोक्यातल्या स्नायूपेशींत एक संच चालू असतो, मध्यावर दुसरा, शेपटीत तिसरा. सगळ्या शरीराला वेढणारे हे स्नायूंचे जाळे प्रत्येक ठिकाणचा पत्ता सांगत असते आणि तिथून जाणारा निओब्लास्ट तो पत्ता वाचून काय व्हायचे ते ठरवतो.

आणखी एक पुरावा मला फार बोलका वाटतो. किरण देऊन सगळे निओब्लास्ट मारले आणि मग कृमी कापला, तर नवे काहीच उगवत नाही. तरीही तुकड्यातल्या जुन्या स्नायूपेशी आपली जनुके बदलू लागतात. मध्यभागाच्या तुकड्यातल्या, कालपर्यंत 'मध्य' सांगणाऱ्या पेशी आता टोकाचा पत्ता सांगायला लागतात. म्हणजे पत्ता आधी बदलतो, बांधकाम नंतर होते. बांधकाम करणारे उरलेच नसले तरी पत्ता बदलायचा थांबत नाही.

स्नायूंचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळी कामे करतात हेही पुढे २०१७ मध्ये दिसले. शरीराच्या लांबीच्या दिशेने जाणारे तंतू नाहीसे केले तर जखमेत नोटम नीट चालू होत नाही आणि पुनर्जननच होत नाही. शरीराला आडवे वेढणारे तंतू नाहीसे केले तर डोके दुभंगते.

जखमेची बातमीसुद्धा स्नायूंवरूनच जाते. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड इथल्या एका गटाने दाखवले की एर्क या प्रथिनाच्या सक्रियतेची लाट लांबीच्या स्नायूंवरून तासाला एक मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने पसरते. पेशीपेशींतून जाणाऱ्या अशा लाटांसाठी हा वेग बराच मोठा आहे. ही लाट अडवली की पुनर्जनन बिघडते, म्हणजे जखमेपासून दूरच्या पेशींनाही बातमी वेळेवर कळावी लागते.

८. पाठ-पोट आणि मध्यरेषा कशी ठरते?

पाठीकडे बीएमपी संदेश जास्त असतो. तो बंद केला की पाठीकडच्या भागात पोटाकडची लक्षणे दिसू लागतात. मध्यरेषेवर स्लिट हे प्रथिन असते आणि कडांना विंट-५. दोघे एकमेकांना आपापल्या हद्दीत ठेवतात. स्लिट बंद केले तर नव्या डोक्यात डोळे मध्यरेषेकडे सरकतात, कधी मिसळून एकच होतात. डोके-शेपूट, पाठ-पोट आणि मध्य-कड अशा तीन मापांतून शरीरातला कोणताही बिंदू ठरतो.

९. मेंदू डोक्यातच का बनतो? तोही विंटमुळेच का?

अंशतः. विंट कमी असले की 'पुढचा भाग' ठरतो, पण मेंदूची मागची हद्द आखायला आणखी एक बंधन लागते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी नोऊ-दाराके हे जनुक शोधले. ते डोक्याच्या भागात चालू असते आणि एफजीएफ संदेशाच्या ग्राहीशी साम्य असलेले प्रथिन बनवते. ते बंद केल्यावर मेंदूची ऊती डोक्याची हद्द ओलांडून मागे पसरली आणि जादा डोळेही आले. धडातही अशीच हद्दबंदी आहे. तिथली ठरावीक जनुके बंद केली तर एकाऐवजी दोन ग्रसनी येतात.

१०. नुसती चीर पडली आणि तुकडाच गेला, यातला फरक शरीराला कळतो का?

कळतो. कोणतीही जखम झाली, अगदी सुईचे टोचणे असले, तरी सुमारे सहा तासांत सगळ्या शरीरभर निओब्लास्टांचे विभाजन वाढते. ऊती खरोखर गेली असेल तर दुसरी लाट दोन-तीन दिवसांनी येते, आणि ती फक्त जखमेपाशी. या दुसऱ्या प्रतिसादासाठी फॉलिस्टॅटिन हे प्रथिन लागते. ते ॲक्टिव्हिन संदेशाला आवरते. फॉलिस्टॅटिन नसेल तर जखम भरते, पण गमावलेला भाग परत येत नाही. ॲक्टिव्हिनही सोबत बंद केले तर पुनर्जनन पुन्हा जमते. दोन नकारांची ही जोडी समजायला जरा वेळ लागतो, पण प्लॅनेरियात असे वारंवार दिसते: काम करायला सांगण्यापेक्षा, अडवणाऱ्याला अडवले जाते.

एक अपवाद. डोक्याला मधोमध उभी चीर देऊन ती पुन्हा पुन्हा उघडी ठेवली, मिटू दिली नाही, तर दोन्ही अर्धी आपापली हरवलेली बाजू भरून काढतात आणि एका धडावर दोन डोकी येतात.

११. छोट्या तुकड्यातला जुना भाग तसाच राहतो का?

राहत नाही. शेपटीच्या तुकड्यावर डोके आले की तोच तुकडा आता सगळे धड असतो, त्यामुळे जुन्या भागालाही नव्या प्रमाणात बसावे लागते. कापल्यानंतर सुमारे चार तासांनी जखमेजवळ आणि तीन दिवसांच्या आसपास सर्व तुकड्यात पेशींचा नियोजित मृत्यू वाढतो. नको असलेल्या पेशी जातात आणि स्नायूंतले पत्ते नव्या लांबीत बसवले जातात (प्रश्न ७). उपाशी राहिलेला प्लॅनेरिया याच क्षमतेवर लहान होत जातो आणि खायला मिळाले की पुन्हा वाढतो.

१२. किती लहान तुकड्यातून पूर्ण कृमी होऊ शकतो?

जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांच्या १८९८ च्या प्रयोगांवरून नेहमी सांगितला जाणारा आकडा मूळ कृमीच्या १/२७९ भागाचा आहे. पण आकारापेक्षा तुकडा कुठला आहे हे महत्त्वाचे. डोळ्यांच्या पुढचे टोक आणि ग्रसनी या दोन भागांत निओब्लास्ट नसतात, म्हणून तिथल्या मोठ्या तुकड्यातूनही काही उगवत नाही. मॉर्गन यांना असेही दिसले की फार अरुंद आडव्या फाकेला कधीकधी दोन्ही टोकांना डोके येते. दिशा ओळखण्यासाठी तुकड्यात थोडी तरी लांबी लागते असा त्यावरून त्यांनी तर्क केला होता.

१३. काही प्लॅनेरियांना शेपटीपासून डोके येत नाही असे वाचले. मग नियम खोटा का?

नियम खोटा नाही, उलट हा त्याचा सर्वांत सुंदर पुरावा आहे. डेंड्रोसीलम लॅक्टियम या जातीचा मागचा अर्धा भाग जखम भरतो, काही काळ जगतो, पण डोके काही करत नाही. २०१३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अशा तीन जाती तपासल्या. निओब्लास्ट होते, पण विंटचा जोर डोके बनू देण्याइतका उतरत नव्हता. बीटा-कॅटेनिन बंद केल्यावर त्याच मागच्या तुकड्यांना डोके आले. निसर्गात हरवलेली क्षमता एका संदेशाला आवर घातल्याने परत मिळाली.

१४. विजेच्या संदेशांनी दोन डोक्यांचा कृमी होतो हे खरे का?

खरे आहे. पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या ऑक्टॅनॉल या रसायनाने काही दिवस बंद ठेवल्या तर काही तुकड्यांना दोन्हीकडे डोकी येतात, असे मायकल लेव्हिन यांच्या गटाने दाखवले. विशेष म्हणजे नंतर साध्या पाण्यात पुन्हा कापले तरी त्यांतले कृमी दोन डोक्यांचेच होतात, जनुकक्रम बदललेला नसतानाही. पेशींतला विद्युत्दाब हाच मूळ नकाशा आहे, की तो विंटसारख्या संदेशांवर परिणाम करून काम करतो, यावर मतभेद आहेत. मला दुसरी शक्यता जास्त पटते: दोन डोकी आली की मागच्या टोकालाही पुढच्या टोकाचे स्नायू-पत्ते तयार होतात, आणि पुढच्या कापाला तेच पत्ते वाचले जातात.

१५. पट्टकृमी किंवा इतर चपटे कृमीही हे करतात का?

फार थोडे. मॅक्रोस्टोमम लिग्नानो शेपूट परत मिळवतो, पण मेंदू आणि ग्रसनी असलेला पुढचा भाग शाबूत असावा लागतो. उंदरांच्या आतड्यातला हायमेनोलेपिस हा पट्टकृमी डोके आणि मान असेल तर मागची साखळी पुन्हा वाढवतो, डोके मात्र पुन्हा करू शकत नाही. शिस्टोसोमा या परजीवी चपट्या कृमीत निओब्लास्टसारख्या पेशी आहेत, तरी कापलेला भाग येत नाही. नुसत्या मूळपेशी असून भागत नाही, याचे हे आणखी एक उदाहरण.

१६. डोके कापले तर शिकलेले आठवते का?

२०१३ च्या एका प्रयोगात, ओळखीच्या पृष्ठभागावर खायला शिकवलेल्या कृमींचे डोके कापले. नवे डोके आल्यावर थोडीशी उजळणी दिली, तेव्हा ते न शिकवलेल्यांपेक्षा लवकर सरावले. १९६०च्या दशकात शिकवलेले कृमी इतरांना खाऊ घालून स्मृती पोचते असा दावा गाजला होता. तो इतरांना खात्रीने पडताळता आला नाही, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नये.

१७. फक्त एक डोळा काढला तर शरीर जादा डोळापेशी बनवते का?

बहुतेकांना 'हो' वाटते. उत्तर 'नाही' आहे. डोळ्याच्या पूर्वपेशी रोजच्या झिजेसाठी कायम बनत असतात. नुसता डोळा अलगद काढला तर त्यांचे उत्पादन वाढत नाही. नेहमीच्या वेगाने येणाऱ्या पूर्वपेशी त्या जागी साठतात आणि मरणाऱ्या पेशी कमी असल्याने डोळा हळूहळू भरतो. उत्पादन वाढते ते आजूबाजूची बरीच ऊती गेल्यावर, म्हणजे प्रश्न १० मधला दुसरा प्रतिसाद सुरू झाल्यावर.

यावरून आणखी एक विचित्र गोष्ट उलगडते. शस्त्रक्रियेने नेहमीच्या जागेबाहेर जादा डोळा असलेले कृमी तयार करता येतात आणि तो डोळा दीर्घकाळ टिकतो, कारण असलेला डोळा जवळून जाणाऱ्या पूर्वपेशींना स्वतःत सामावून घेतो. तो काढला तर मात्र परत येत नाही. नेहमीच्या जागेवरचा डोळा काढला तर येतो, कारण पूर्वपेशींना वळवणारा स्नायूंचा पत्ता तिथला आहे.